सामोआचे सिंहासन कोणी घडवले?

जून १८८९मध्ये जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका यांनी बर्लिनला बसून पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांविषयी करार केला. त्यातले एक कलम ऐकायला मोठे शहाणपणाचे आहे. राजाच्या निवडीवरून वाद उद्भवला तर तो युद्धापर्यंत जाऊ द्यायचा नाही. सरन्यायाधीशाने करार आणि सामोआच्या रूढी पाहून लेखी निकाल द्यायचा आणि तो सर्वांनी मानायचा. या कलमाची कसोटी एकदाच लागली. २२ ऑगस्ट १८९८ला राजा मलिएतोआ लाउपेपा वारला. दोन दावेदार उभे राहिले, प्रकरण कोर्टात गेले, ३१ डिसेंबरला सरन्यायाधीश विल्यम ली चेंबर्स यांनी निकाल दिला आणि १ जानेवारी १८९९ला अपिया या बंदराच्या शहरी लढाई झाली.

हे अपयश सामोअन लोकांच्या भांडखोरपणाच्या खात्यावर मांडायची जुनी सवय आहे. तेव्हाच्या परकी अधिकाऱ्यांची ती होतीच. आजही पॅसिफिकमधल्या एखाद्या बेटावर दंगल झाली की ‘टोळ्यांची पिढीजात वैरे’ हे शब्द बातमीत तयार असतात. माझे म्हणणे असे की सामोआतली १८६९ ते १८९९ या तीस वर्षांतली यादवी जुनी नव्हती, नवी होती. भांडणारी घराणी जुनी. पण ज्या वस्तूसाठी ती भांडली, ते एकच एक सिंहासन, परकी सत्तांनी आपल्या सोयीसाठी घडवले. आणि लढाई निकाली निघण्याच्या बेताला आली की तिच्यात हात घालून ती अर्धवट ठेवली.

आधी सामोआत सत्ता कशी चाले ते पाहू. चार मोठे किताब होते : तुइ आना, तुइ अतुआ, गातोआइतेले आणि तमासोआलिई. बापाकडून मुलाकडे ते आपोआप जात नसत. प्रत्येक किताब देण्याचा अधिकार ठरावीक गावच्या वक्त्या-सरदारांकडे, म्हणजे तुलाफालेंकडे असे. तुइ आना लेउलुमोएगाने द्यायचा, तुइ अतुआ लुफिलुफीने, गातोआइतेले आफेगाने आणि तमासोआलिई साफाताने. चारही एकाच व्यक्तीकडे आले तर ती ‘ताफाईफा’. असे क्वचितच घडे, कारण चार ठिकाणच्या चतुर वक्त्यांना एकाच माणसावर राजी करणे हे लढाई जिंकण्याहून अवघड काम होते. १८३०मध्ये मिशनरी जॉन विल्यम्सचे स्वागत करणारा मलिएतोआ वाईनुउपो या पदाला पोहोचला होता. १८४१मध्ये तो वारला आणि चारही किताब पुन्हा विखुरले. सामोअन दृष्टीने यात काही बिघडले नव्हते. किताब विखुरलेले असणे हीच नेहमीची अवस्था होती.

लढाया अर्थातच होत. जिंकलेल्या पक्षाला ‘मालो’ म्हणत, हरलेल्याला ‘वाईवाई’. हरलेल्यांची घरे जळत, नारळ आणि विलायती फणस तोडले जात, माणसे दुसऱ्या जिल्ह्यात आसरा घेत. पण मालोच्या हाती खजिना नव्हता, कर नव्हता, खडी फौज नव्हती. त्याला मिळे तो मान, सभेतला पहिला शब्द, उत्तमोत्तम चटयांची भेट. काही वर्षांनी हरलेले परत येत, जमीन पुन्हा कसत आणि पुढच्या संधीची वाट पाहत. बक्षीसच लहान असल्याने लढाईलाही एक मर्यादा होती. हे चित्र रंगवून गोड करण्याची गरज नाही. शत्रूचे मुंडके कापून सरदारापुढे ठेवण्याची पद्धत होती आणि १८४८नंतरची लढाई अनेक वर्षे धुमसत राहिली. तरीही तिचा शेवट सामोअन लोकांनीच केला, थकून आणि बोलून.

मग नारळ आला. म्हणजे नारळाचा व्यापार. हॅम्बुर्गच्या गोडेफ्रॉय पेढीने १८५७मध्ये अपियात ठाणे मांडले. तोवर तेल बेटावरच काढत : खोबऱ्याचा कीस जुन्या होडीत टाकून उन्हात पाझरू द्यायचा आणि पिंपात भरायचा. तेल लवकर खवट होई आणि पिंपे गळत. १८६०च्या दशकात पेढीचा माणूस थिओडोर वेबर याने पद्धत बदलली. खोबरे बेटावर वाळवायचे, पोत्यांत भरून युरोपला न्यायचे आणि तेल तिकडे गाळायचे. उरलेली पेंड गुरांना. वाळलेले खोबरे टिकते, जागा कमी खाते. या छोट्या बदलाने नफ्याचे गणितच फिरले. आता बेटावर तेल विकत घेण्यापेक्षा स्वतःची हजारो एकरांची बाग लावणे परवडू लागले. बागेला जमीन हवी, बागेत मजूर हवेत आणि बागेतले नारळ चोरीला जाऊ नयेत म्हणून सरकार हवे. सामोअन माणूस मजुरीला येईना, म्हणून गिल्बर्ट, सॉलोमन आणि न्यू ब्रिटनसारख्या बेटांतून करारबद्ध मजूर आणले गेले. जमिनीची सोय मात्र लढाईने केली.

१८६९मध्ये मलिएतोआ घराण्यातच फूट पडली होती. एका बाजूला लाउपेपा, दुसऱ्या बाजूला त्याचा चुलता तालावोउ. १८७३पर्यंत हे चालले. दोन्ही बाजूंना बंदुका आणि काडतुसे हवी होती. रोकड नव्हती, जमीन होती. युरोपी आणि अमेरिकी व्यापाऱ्यांनी दोन्ही बाजूंना माल दिला आणि मोबदल्यात सह्या घेतल्या. खोट इथेच आहे. सामोआत जमीन कुटुंबाची, म्हणजे ‘आइगा’ची. मताई, म्हणजे कुटुंबाचा प्रमुख, तिची व्यवस्था पाहतो, पण एकट्याने ती तोडून देऊ शकत नाही. विकत घेणाऱ्याने एकाच मताईची सही घेतली, कधी तर ज्याचा त्या जमिनीशी संबंध शत्रुत्वापुरता होता अशा माणसाची. शत्रूची जमीन विकून शत्रूवर झाडायच्या गोळ्या घ्यायच्या, असा हा व्यवहार. सीमा ‘समुद्रापासून डोंगरापर्यंत’ अशा, आणि तोच तुकडा दोघांतिघांना विकलेला.

याचा हिशेब वीस वर्षांनी लागला. बर्लिन कराराखालच्या भूमी आयोगापुढे परक्यांनी केलेले दावे जवळपास १७ लाख एकरांचे निघाले. सगळ्या सामोआ बेटांचे क्षेत्रफळ साडेसात लाख एकरांच्या आसपास आहे, म्हणजे दाव्यांपुढे बेटे दुपटीहून कमी पडली. ज्या दस्तात सीमा नाहीत, मोबदला लिहिलेला नाही, नुसते विकण्याचे वचन आहे किंवा मोबदला म्हणून शस्त्रे वा बेकायदा दारू दिली आहे, असे दस्त फेटाळायचे नियम होते. अखेरीस मान्य झाले ते सुमारे १,३५,००० एकर, म्हणजे दाव्यांच्या ८ टक्के. ब्रिटिश प्रजाजनांनी साडेबारा लाख एकर मागितले आणि सुमारे ३६,००० मिळवले. अमेरिकनांनी तीन लाख मागून २१,०००. जर्मनांचा दावाच १,३४,००० एकरांचा होता आणि त्यातले ७५,००० एकर मंजूर झाले, कारण त्या जमिनीवर खरोखर झाडे उभी होती. आयोगाने आपले काम बरेच प्रामाणिकपणे केले, बर्लिन करारातली बहुधा तेवढीच गोष्ट नीट चालली. पण बंदुका तोवर बेटांवर पोहोचल्या होत्या, आणि दस्त फेटाळला म्हणून बंदूक कोणी परत करत नाही.

आता सिंहासनाकडे. परकी सत्तेला बंदर हवे, कोळशाचे ठाणे हवे, जकातीतून सूट हवी, तर करारावर सही करणारे एक नाव लागते. चार गावच्या वक्त्यांच्या मंडळाशी तह करण्याची पद्धत कोणत्याही परराष्ट्र खात्यात नव्हती. म्हणून ‘सामोआचा राजा’ लागला. आणि राजाची सही बंदराच्या किमतीची झाली, तेव्हा राजा होणे ही मानापुरती गोष्ट राहिली नाही. तहाच्या कागदावर एकच जागा होती. जो त्या जागी बसेल त्याला एक तरी युद्धनौका मिळे; जो बसणार नाही त्याला ‘बंडखोर’ हे नाव. १७७५मध्ये राघोबादादांनी सुरतेत साष्टी आणि वसई देऊ करून कंपनीची फौज मागितली, तो तह ठाऊक असलेल्या वाचकाला ही रीत नवी वाटणार नाही.

सामोअन लोकांनी स्वतः या पेचातून वाट काढली नव्हती असे नाही. १८७५ची राज्यघटना मलिएतोआ आणि तुपुआ या दोन घराण्यांना आळीपाळीने चार-चार वर्षे राज्य देणारी होती. तिच्यामागे कर्नल अल्बर्ट स्टाइनबर्गर हा अमेरिकी गृहस्थ होता, आणि तो काही संत नव्हता. गोडेफ्रॉय पेढीशी त्याने गुपचूप करार करून ठेवला होता. पण घटनेतली कल्पना अस्सल सामोअन होती : दोघांपैकी कोणी कायमचा हरत नाही. ती वर्षभरही टिकू दिली नाही. १८७६मध्ये अमेरिकी कॉन्सुल आणि काही मिशनऱ्यांच्या आग्रहाने लाउपेपाकडून स्टाइनबर्गरची हकालपट्टी करवली गेली आणि ब्रिटिश युद्धनौका ‘बाराकूटा’ने त्याला उचलून नेले. सामोअन सभेने चिडून लाउपेपालाच पदावरून काढले. पुन्हा लढाई. मग अमेरिकेचा तह १८७८, जर्मनीचा जानेवारी १८७९, ब्रिटनचा ऑगस्ट १८७९. त्याच वर्षी अपिया शहर वेगळी नगरपालिका करून तिन्ही कॉन्सुलांच्या हाती गेले, म्हणजे राजाची राजधानी राजाच्या हद्दीबाहेर! १८८१मध्ये ‘लॅकावॉना’ या अमेरिकी जहाजावर समझोता झाला : लाउपेपा राजा, तुपुआ तमासेसे उपराजा. आळीपाळीची कल्पना गेली, वर-खालीची आली.

अपियातल्या कॉन्सुलांची कार्यपद्धतीही समजून घ्यायला हवी, कारण बरेच नुकसान दुष्टपणापेक्षा टपालाने केले. सामोआला तारेची जोडणी नव्हती. सर्वात जवळची तार ऑकलंडला, आणि तिथे बोटीने पोहोचायचे. हुकूम मागवून येईपर्यंत आठवडे जात. त्यामुळे कॉन्सुल आधी कृती करी आणि मग कळवी; वरिष्ठ नंतर हात झटकत. १८८५मध्ये जर्मन कॉन्सुल श्टुबेलने मुलिनुउवर, म्हणजे राजाच्या ठाण्यावर, झेंडा लावला. १८८६मध्ये अमेरिकी कॉन्सुल ग्रीनबॉमने सरळ अमेरिकी संरक्षण जाहीर करून टाकले. वॉशिंग्टनने ते नाकारले. १८८९च्या आरंभी जर्मन कॉन्सुल क्नाप्पेने लष्करी कायदा पुकारला; खुद्द बिस्मार्कने त्याचे कान उपटले. राजधान्यांत या गोष्टी चुका म्हणून निस्तरल्या जात. बेटावर मात्र प्रत्येक झेंड्यामागे कोणीतरी सरदार आपला पक्ष बदलून बसलेला असे, आणि झेंडा उतरला तरी त्याला परतीची वाट नसे.

१८८७मध्ये जर्मनीने मर्यादाच सोडली. बागांतून चोरलेले नारळ आणि कैसरच्या वाढदिवशी अपियात झालेली मारामारी ही कारणे दाखवून लाउपेपाकडे भरपाई मागितली, मुदत देण्याचे नाटक केले आणि युद्ध पुकारले. लाउपेपा शरण आला. त्याला आधी कॅमेरून, मग हॅम्बुर्ग आणि शेवटी मार्शल बेटांतील जालुइटला नेऊन ठेवले. गादीवर तमासेसे आणि त्याच्या मागे प्रधान म्हणून ऑयगेन ब्रांडाइस, बव्हेरियाच्या तोफखान्यातला अधिकारी. ब्रांडाइसने कर बसवला. मालोने कर घ्यायचा हा प्रकार सामोआला नवा होता, आणि तो परक्या प्रधानाने घ्यायचा हे त्याहून. सप्टेंबर १८८८मध्ये मताआफा इओसेफो या सरदाराच्या नेतृत्वाखाली उठाव झाला आणि तो झपाट्याने जिंकत गेला. १८ डिसेंबरला वाइलेले इथे जर्मन खलाशी किनाऱ्यावर उतरले ते मताआफाच्या लोकांना निःशस्त्र करण्यासाठी. जर्मनांचे पंधरा-सोळा जण मारले गेले आणि सुमारे चाळीस जखमी झाले.

इथे एक क्षण थांबून पाहावे. मताआफा जिंकत होता. बहुसंख्य जिल्हे त्याच्याकडे होते. जुन्या नियमाने मालो ठरला होता. त्याला तसे राहू दिले असते तर पुढची दहा वर्षे वेगळी गेली असती, असे म्हणायला बराच आधार आहे.

त्याऐवजी सात युद्धनौका अपियाच्या उथळ, प्रवाळांनी वेढलेल्या बंदरात एकमेकींवर नजर ठेवून उभ्या राहिल्या : तीन अमेरिकी, तीन जर्मन, एक ब्रिटिश. १५-१६ मार्च १८८९च्या वादळात ब्रिटिश ‘कॅलिओपी’ तेवढी बंदराबाहेर निसटली; बाकी सहा बुडाल्या, फुटल्या किंवा किनाऱ्याला लागल्या. वायुभारमापक उतरत असूनही कोणी आधी निघाले नाही, कारण प्रतिस्पर्ध्याला बंदर सोडून जाणे कोणाला परवडत नव्हते. सुमारे दीडशे खलाशी मेले. सामोअन लोकांनी लाटांत उतरून अमेरिकी आणि जर्मन दोघांनाही ओढून काढले. सामोआच्या इतिहासातला हा सर्वात जास्त सांगितला जाणारा प्रसंग. ‘वादळाने युद्ध टाळले’ असा त्याचा सारांश देतात. टळले ते तीन सत्तांमधले. सामोअन लोकांच्या वाट्याचे युद्ध वादळानंतरच पक्के झाले, बर्लिनमध्ये.

बर्लिनच्या करारात सामोआ स्वतंत्र आणि तटस्थ म्हटले गेले. लोकांना आपला राजा स्वतःच्या रूढीप्रमाणे निवडण्याचा हक्क मान्य झाला. आणि त्याच करारात राजा कोण हेही लिहिले : लाउपेपा. त्याखेरीज बैठकीच्या इतिवृत्तात, करारनाम्याच्या मजकुराबाहेर, जर्मनीच्या आग्रहाने एक नोंद झाली की मताआफाला मात्र राजा होता येणार नाही, कारण वाइलेलेत त्याच्या लोकांनी जर्मन मृतांची विटंबना केली. म्हणजे निवडीचा हक्क पूर्ण, फक्त लोकांना जो हवा होता तो सोडून.

पैशांची मांडणीही बघण्यासारखी आहे. सरन्यायाधीशाला वर्षाला ६,००० डॉलर, अपिया नगरपालिकेच्या अध्यक्षाला ५,०००. सरन्यायाधीशाचा पहिल्या वर्षाचा पगार तिन्ही सत्तांनी भागून द्यायचा, पुढे सामोआच्या उत्पन्नातून. उत्पन्न कशातून? सामोअन माणसामागे एक डॉलर डोईपट्टी, आयातीवर जकात, खोबऱ्याच्या निर्यातीवर अडीच टक्के. पहिला सरन्यायाधीश स्वीडनचा सेडरक्रान्ट्झ आणि पहिला अध्यक्ष जर्मन बॅरन झेन्फ्ट फॉन पिल्झाख. जकात नगरपालिकेची की राजाच्या सरकारची यावरून परक्यांतच जुंपली. मताआफा मालिए इथे वेगळा बसला, त्याच्या जिल्ह्यांनी डोईपट्टी थांबवली, आणि मग ज्या राजाला तीन महासत्तांचा पाठिंबा होता त्याच्याकडे स्वतःच्या कारकुनांना द्यायला पैसे उरेनात. १८९३मध्ये लाउपेपाच्या बाजूने युद्धनौका पुढे आल्या. मताआफा मानोनो बेटावर शरण आला आणि त्याचीही रवानगी जालुइटला झाली. तरीही पुढच्याच वर्षी अतुआ जिल्ह्यात नवा उठाव.

आणि मग १८९८. लाउपेपा गेला, मताआफा सुटून परतला, आणि सगळ्यांनी बाजू बदलल्या. ज्या जर्मनीने मताआफाला बाद ठरवले होते, तिचा कॉन्सुल रोझे आता मताआफाच्या मागे. ज्या अमेरिकी आणि ब्रिटिशांनी १८८८मध्ये मताआफाचे कौतुक केले, ते आता लाउपेपाच्या तरुण मुलाच्या, मिशनच्या शाळेतल्या तनुमाफिलीच्या मागे. आणि जर्मनांनी गादीवर बसवलेल्या तमासेसेचा वारस आता मलिएतोआच्या बाजूने. पिढीजात वैराचा सिद्धांत या एका वर्षात कोसळतो. वैर पिढीजात असते तर बाजू इतक्या सहज कशा बदलल्या? बदलले ते परक्यांचे आडाखे, आणि सामोअन घराण्यांनी त्या आडाख्यांप्रमाणे आपली जागा शोधली.

न्या. चेंबर्स यांनी बर्लिनच्या त्या इतिवृत्तातील नोंदीवर बोट ठेवून मताआफा अपात्र ठरवला. बहुमत कोणाकडे, वक्त्यांनी कोणाला किताब दिले, हे प्रश्नच बाजूला पडले. दुसऱ्या दिवशी मताआफाच्या माणसांनी अपिया घेतले. पुन्हा लढाई निकाली निघाली होती. पुन्हा ती मोडली गेली. १५ मार्च १८९९पासून अमेरिकी ‘फिलाडेल्फिया’ आणि ब्रिटिश जहाजांनी अपियाच्या परिसरावर आणि किनाऱ्यावरच्या गावांवर तोफा डागल्या. १ एप्रिलला त्यांची संयुक्त तुकडी वाइलेलेच्या जर्मन बागेजवळ दबा धरून बसलेल्या मताआफाच्या लोकांत सापडली. तीन अधिकाऱ्यांसह सात जण मेले. मे महिन्यात तिन्ही सत्तांचे आयुक्त आले, हजारो बंदुका गोळा केल्या, राजपदच रद्द केले, आणि वर्ष संपायच्या आत बेटे वाटून घेतली : १७१ पश्चिम रेखांशाच्या पश्चिमेला जर्मनी, पूर्वेला अमेरिका. दोन्हीकडे नातलग असलेली कुटुंबे एका रेघेने दोन साम्राज्यांत गेली.

तोफांच्या नुकसानभरपाईचा निवाडा स्वीडनचा राजा ऑस्कर दुसरा याच्याकडे सोपवला गेला. १९०२मध्ये त्याने ब्रिटन आणि अमेरिकेची कारवाई असमर्थनीय ठरवली. मात्र लवादाच्या करारात दावा करण्याचा हक्क होता तो तिन्ही देशांच्या नागरिकांना, आणि त्यांच्या संरक्षणाखालच्या इतर कोणाला असेल तर तो ‘मूळ रहिवासी नसलेल्यांना’. ज्यांची गावे जळली ते या वाक्यातच वगळले गेले.

माझ्या मांडणीवर एक रास्त आक्षेप आहे. सामोअन सरदार काही बाहुली नव्हते. बंदुका त्यांनी मागितल्या, कॉन्सुलांना एकमेकांविरुद्ध त्यांनीही खेळवले, लाउपेपाने १८८७मध्ये हवाईचा राजा कालाकाउआशीही हातमिळवणी करून पाहिली. हे सारे खरे आहे, आणि ते न सांगणे म्हणजे त्यांना पुन्हा लहान मूल ठरवणे. पण यातून त्यांची हुशारी दिसते, यादवीचे मूळ कारण दिसत नाही. खेळाचा डाव बाहेरून मांडला होता. त्यात ते चांगले खेळले. याचा सर्वात मोठा पुरावा म्हणजे डाव उठल्यावर काय झाले. १ जानेवारी १९६२ला पश्चिम सामोआ स्वतंत्र झाले तेव्हा प्रमुखपदी एक नव्हे, दोघे बसले : तुपुआ तमासेसे मेआओले आणि मलिएतोआ तनुमाफिली दुसरा. पंतप्रधान झाला मताआफा किताबाचा धनी. रूढीची जमीन विकण्याला घटनेनेच बंदी घातली. २०२१मध्ये निवडणूक २५-२५-१ अशी अडली, संसदेला कुलूप लागले, फियामे नाओमी मताआफा यांचा पंतप्रधानपदाचा शपथविधी तंबूत झाला आणि दोन महिने दोन सरकारे समोरासमोर होती. तिढा जुलैत देशाच्याच अपील न्यायालयाने सोडवला. गोळी झाडली गेली नाही. बंदरात कोणाची युद्धनौका नव्हती, हे कारण मी पहिले मानतो.

सामोआच्या वाटणीचे बिल मात्र दुसऱ्यांनी भरले. ब्रिटनने सामोआवरचा हक्क सोडला, त्याच्या बदल्यात जर्मनीने सॉलोमन बेटांपैकी शुआझल, इसाबेल आणि शॉर्टलँड ब्रिटनला दिली. बूगनविल आणि बुका स्वतःकडे ठेवली. त्यामुळे बूगनविल पुढे जर्मन न्यू गिनीतून पापुआ न्यू गिनीत गेले आणि त्याचे सख्खे शेजारी सॉलोमन बेटांत. १९८८मध्ये पांगुना तांब्याच्या खाणीवरून तिथे भडकलेली यादवी दहा वर्षे चालली; पापुआ न्यू गिनीच्या सैन्याला हेलिकॉप्टरे ऑस्ट्रेलियाने पुरवली होती. खुद्द सॉलोमन बेटांत ग्वाडलकॅनाल आणि मलैता यांच्यातला संघर्ष १९९८पासून पेटला. २०१९मध्ये राजधानी होनियारातल्या सरकारने तैवान सोडून चीनला मान्यता दिली, तेव्हा मलैता प्रांताने विरोध केला. पुढच्या वर्षी अमेरिकेने थेट त्या प्रांतासाठी अडीच कोटी डॉलरची मदत जाहीर केली. दुसरीकडे खासदारांच्या हाती खर्चायला मिळणारा मतदारसंघ निधी पूर्वी तैवान देई, पुढे चीन देऊ लागला. नोव्हेंबर २०२१मध्ये होनियारात दुकाने जळली, एप्रिल २०२२मध्ये चीनशी सुरक्षा करार झाला. केंद्रात एकाचा पैसा, प्रांतात दुसऱ्याचा : अपियाच्या तीन कॉन्सुलांना हा नकाशा ओळखता आला असता.

आपल्याकडे या भागाची चर्चा होते ती ‘चीनला कसे रोखायचे’ एवढ्यापुरती. भारताने २०१४पासून पॅसिफिक बेटांच्या देशांशी मंच उभारला आहे, मे २०२३मध्ये त्याची तिसरी परिषद पोर्ट मोर्सबीला झाली. दवाखाने, डायलिसिस यंत्रे, सौरऊर्जा यांत मदत देणे चांगलेच. पण ती कोणाच्या हातून जाते हे मदतीच्या रकमेपेक्षा महत्त्वाचे आहे. प्रांताला थेट, खासदाराला थेट, आवडत्या पक्षाला थेट असा पैसा जाऊ लागला की तिथल्या राजकारणात एक नवे सिंहासन तयार होते, आणि मग त्यावर कोण बसणार यासाठी बाहेरच्यांना मारामारीच्या एका बाजूला उभे राहावे लागते. मदत संसदेने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकातूनच जावी, आणि निवडणुकीचा वाद चालू असताना कोणालाही घाईने मान्यता देऊ नये, एवढी दोन पथ्ये भारताने पाळली तरी तो जुन्या सत्तांहून वेगळा ठरेल.

याची परीक्षा दूर नाही. बूगनविलमध्ये २०१९च्या सार्वमतात जवळपास ९८ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. तो बंधनकारक नाही, अंतिम निर्णय पापुआ न्यू गिनीच्या संसदेचा आहे. बूगनविलच्या नेत्यांनी स्वातंत्र्यासाठी १ सप्टेंबर २०२७ ही तारीख धरली आहे. खाणीत तांबे आणि सोने अजून शिल्लक आहे, आणि ते कोण काढणार याची विचारणा तारखेच्या कितीतरी आधी सुरू झाली आहे.